प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांना गरोदरपणातील सोनोग्राफी शिकवता येते का?
शिकवता येते, मात्र तिची व्याप्ती आधीच ठरवावी लागते. गर्भ गर्भाशयातच आहे का, हृदयाचे ठोके दिसतात का, गर्भ एक की जुळे, नंतरच्या महिन्यांत बाळाचे डोके खाली आहे का आणि वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या मुखावर आली आहे का, एवढ्याच प्रश्नांची खात्रीशीर उत्तरे मिळवणे हे उद्दिष्ट असावे. व्यंगांची सविस्तर तपासणी तज्ज्ञांकडेच राहू द्यावी.

सर्वाधिक वेळ मोजमापाला द्यावा. पहिल्या तिमाहीत डोक्यापासून नितंबापर्यंतची लांबी मोजताना गर्भ वाकलेला असेल, तर आकडा कमी येतो, वय कमी धरले जाते आणि पुढे बाळाची वाढ खुंटली तरी ती नजरेतून सुटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी सुचवली, त्यामागे वयनिश्चिती हे मोठे कारण आहे.

थोडीच व्याख्याने पुरतात. अनुभवी व्यक्तीने शेजारी उभे राहून प्रोब (पोटावर फिरवायचे सोनोग्राफीचे उपकरण) धरलेला हात सुधारणे आणि नंतरही साठवलेल्या प्रतिमा तपासत राहणे अत्यावश्यक आहे. गरोदरपणाची चाचणी सकारात्मक असून गर्भाशय रिकामे दिसले, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत असू शकतो. अशा स्त्रीला त्याच दिवशी कोठे पाठवायचे, हे प्रशिक्षणापूर्वीच लेखी ठरलेले असावे.