डायलिसिस सुरू होणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना

तुमच्या मुलीचे डायलिसिस आता सुरू होत आहे, म्हणून याच वाटेने गेलेली पालक या नात्याने मी आधी हेच सांगेन की, क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडे किती काम करतात हे दाखवणाऱ्या रक्तातील घटकाच्या) आकड्याइतकेच लक्ष तिच्या उंचीकडे द्या. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील आम्ल वाढते, भूक मंदावते, ‘ड’ जीवनसत्त्व सक्रिय होत नाही आणि फॉस्फरस साठून हाडे कमकुवत होतात. या सर्वांमुळे वाढ खुंटते आणि वाढीची वर्षे सरल्यावर ती भरून निघत नाही. म्हणून डॉक्टरांनी नळीवाटे आहार किंवा वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने सुचवली, तर घाबरून नकार देऊ नका. फॉस्फरस बांधणारी गोळी मात्र जेवणाबरोबरच द्यावी, कारण ती अन्नातील फॉस्फरसच अडवते.

घरी पोटाचे डायलिसिस, म्हणजे नळीने पोटात द्रव सोडून व काढून रक्त शुद्ध करण्याची पद्धत, करणार असाल, तर हात धुण्यात कधीही सवलत घेऊ नका. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखले किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता ती पिशवी घेऊन रुग्णालय गाठा.

आप्त प्रेमाने शहाळे आणतात. त्यातील पोटॅशियम रक्तात साठले तर हृदयाची लय बिघडू शकते, हे त्यांना स्पष्ट सांगा.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची चर्चा आजच सुरू करा. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी त्याआधीच पूर्ण व्हाव्यात, कारण नंतरच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे जिवंत लसी (कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंच्या) सहसा देता येत नाहीत. रक्त तपासणीसाठी शक्यतो हाताच्या पंजाच्या मागची शीर वापरण्यास सांगा. दंडाच्या आणि मनगटाच्या शिरा पुढे फिस्टुलासाठी, म्हणजे यंत्राच्या डायलिसिससाठी शीर धमनीला जोडण्यासाठी, लागू शकतात.