प्रोटोकॉल लिहायला बसलेल्या रेसिडेंटला पत्र

पुणे

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझ्या अभ्यासाच्या आराखड्याचा (प्रोटोकॉलचा) मसुदा वाचला. भाषा नीट आहे, संदर्भ ताजे आहेत. पुण्याच्या आसपासच्या गावांत शिबिरं घ्यायची आणि कॅप्सूल-स्पंजने अन्ननलिकेचा कॅन्सर लवकर पकडायचा, ही कल्पना कुणालाही पहिल्या झटक्यात आवडेल. तरी मी तो परत पाठवतेय. ज्या अभ्यासावर तू सगळा डोलारा उभा केलास, तो कुठल्या आजाराच्या माणसांवर झाला होता, हे तू पाहिलंच नाहीस.

ब्रिटनमधला बेस्ट-३ हा अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. १०९ दवाखाने, १३,२२२ माणसं, सगळी पन्नाशीची किंवा त्यापुढची आणि जळजळीसाठी ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारी. दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल गिळायची, पोटात ती विरघळून स्पंज उलगडतो आणि वर ओढताना अन्ननलिकेच्या पेशी घेऊन येतो. नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या गटात बॅरेट्सचे (ॲसिडने अन्ननलिकेचं अस्तर बदललेले) १३ जण सापडले, स्पंज देऊ केलेल्या गटात १४०. आकडे देखणे आहेत, मला मान्य आहे. पण त्या पेशींवर होणारी टीएफएफ-३ चाचणी शोधते बॅरेट्स, आणि बॅरेट्समधून पुढे होतो तो ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर. आपल्या ओपीडीत इंदापूर, दौंड, शिरूरहून येणारे बहुतेक रुग्ण स्क्वॅमसचे, म्हणजे अस्तराच्या मूळ चपट्या पेशींच्या कॅन्सरचे. कुणी तंबाखू खाणारा, कुणी विडी-दारूवाला, कुणी मशेरी लावणारी. त्यांच्या अन्ननलिकेत बॅरेट्स शोधून हाती काय लागणार? (स्क्वॅमस पेशींसाठी स्पंज वापरायचे प्रयोग चीनमध्ये चालू आहेत, पण तिथे स्पंजवरच्या पेशींची तपासणी वेगळी आहे. ते वाच, मग बोलू.)

लवकर पकडायला हवं, हे मात्र तुझं शंभर टक्के खरं. अन्ननलिका ताणली जाते, म्हणून गाठ बरीच वाढेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. वाट साधारण १३ मिलिमीटरच्या खाली आली की भाकरी अडकायला लागते. तोवर आजार बहुधा भिंतीत खोल गेलेला असतो. शिवाय या नळीला बाहेरून सिरोसा या पातळ पडद्याचं आवरण नाही आणि लसिकावाहिन्यांचं जाळं अगदी वरच्या थरांपासून पसरलेलं आहे, त्यामुळे आजार लसिकेच्या गाठींत लवकर उतरतो. गिळायला त्रास होणाऱ्यांनाच शोधत बसलो तर आपण कायम उशिराच पोचणार.

मग शोधायचं कुणात? शिबिरातल्या सरसकट माणसांत नको. चीनच्या हेबेई प्रांतात ४० ते ६९ वयाच्या गावकऱ्यांची आयोडीन लावून एकदाच एंडोस्कोपी केली आणि दहा वर्षं पाठपुरावा केला. तपासणीच्या गावांत या कॅन्सरने ३.३५ टक्के माणसं गेली, बाकीच्या गावांत ५.०५ टक्के. हा अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यांनी मृत्यू मोजले. 'निदानानंतर किती जगले' हे मोजलं असतं तर निदान नुसतं अलीकडे सरकल्यानेही आकडा फुगला असता. पण त्या भागात हा आजार जितका आहे तितका पुणे जिल्ह्यात नाही. इथे तसं करायचं तर हजारो निरोगी लोकांना दुर्बीण गिळायला लावावी लागेल, आणि आपल्या एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर सकाळी नऊलाच किती गर्दी असते ते तू पाहतेस.

आपल्या हाताशी एक वेगळा गट आहे, आणि तो तुझ्या वॉर्डच्या एक मजला खाली बसतो: तोंडाचा, घशाचा कॅन्सर होऊन उपचार झालेले रुग्ण. ज्या तंबाखू-दारूने तोंड आणि घसा बिघडवला, तिनेच अन्ननलिकेचं अस्तरही बिघडवलेलं असतं. स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली तोंडाच्या कॅन्सरवरून हा विचार मांडला होता. हे लोक फॉलोअपला येतच असतात. त्यांच्यात ल्युगोल्स आयोडीन फवारून पाहा. निरोगी स्क्वॅमस पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या तपकिरी होतात. बिघडलेला पट्टा फिका राहतो, तिथून बायोप्सी घे. आयोडीनने छातीत जळजळतं, म्हणून शेवटी सोडियम थायोसल्फेट. थायरॉइडचा त्रास आणि आयोडीनची ॲलर्जी आधी विचार. आयोडीन नको असेल तर एनबीआय, म्हणजे दुर्बिणीतला निवडक निळा-हिरवा प्रकाश, आहेच. जपानमधल्या ३२० रुग्णांच्या चाचणीत अन्ननलिकेतला वरवरचा कॅन्सर एनबीआयने ९७ टक्के वेळा दिसला, साध्या प्रकाशात ५५ टक्के. हे जपानी तज्ज्ञांच्या हातचे आकडे. आपल्या हातून किती दिसतं, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि खरं सांगायचं तर तोच तुझ्या थीसिसचा विषय व्हावा असं मला वाटतं.

उपचारांच्या बाबतीतही हेच. परवा राउंडला तू म्हणालीस, 'क्रॉस आता मागे पडलं, फ्लॉट आलं.' क्रॉस म्हणजे ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन, फ्लॉट म्हणजे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर नुसती केमो. या दोन्हींची तुलना करणाऱ्या ईसोपेक अभ्यासात फ्लॉटवाल्यांचं मीडियन (मधल्या रुग्णाचं) आयुष्य ६६ महिने आणि क्रॉसवाल्यांचं ३७, हे बरोबर. पण ईसोपेकमध्ये एकही स्क्वॅमस नव्हता. २०१२ च्या मूळ क्रॉसमध्ये ३६६ पैकी स्क्वॅमस अवघे ८४. तरी आधी केमो-रेडिएशन घेऊन मग ऑपरेशन झालेल्या स्क्वॅमस रुग्णांपैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या नळीत कॅन्सरचा मागमूस उरला नव्हता, ॲडिनोमध्ये २३ टक्के. म्हणजे आपल्या रुग्णाच्या बाबतीत क्रॉस मागे पडलेलं नाही. जपानच्या जेसीओजी ११०९ या अभ्यासात ऑपरेशनआधी दिलेल्या तीन औषधांच्या केमोने तीन वर्षांनी ७२.१ टक्के रुग्ण जिवंत होते, दोन औषधांनी ६२.६ टक्के. तो मात्र आपल्याच आजाराचा अभ्यास. पण तिथे घेतलेले रुग्ण चालते-फिरते होते, आणि आपल्याकडे तीन महिने पेजेवर काढून अडतीस किलोवर आलेला माणूस येतो. त्याला आधी राइल्स ट्यूब (नाकातली नळी) किंवा जेजुनोस्टॉमीतून (थेट आतड्यात बसवलेल्या नळीतून) अन्न, मग केमोची चर्चा.

इथल्या प्रश्नाला इथेच उत्तर शोधल्याचं उदाहरण हवं असेल तर टाटा मेमोरियलचा निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा अभ्यास काढ. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि तो परवडतो किती जणांना? त्यांनी तोंडाने घ्यायच्या केमोच्या जोडीला तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम दिलं. वर्षभराने जिवंत असलेले, नुसत्या केमोवरच्या १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पण तो डोक्या-मानेच्या कॅन्सरचा अभ्यास आहे. तो अन्ननलिकेवर तसाच्या तसा आणून चिकटवू नकोस, नाहीतर हे पत्र मला पुन्हा लिहावं लागेल.

आता फॉर्म. 'तंबाखू: हो/नाही' एवढाच रकाना ठेवलास तर निम्म्या मावश्या 'नाही' म्हणतील आणि खोटंही बोलणार नाहीत, कारण त्या मशेरी लावतात. मशेरी, गुटखा, विडी, दारू, प्रत्येकाचं वेगळं विचार, किती वर्षं तेही. गिळण्याच्या त्रासाची पायरी विचारताना 'सॉलिड जातं का' असं म्हणू नकोस. भाकरी जाते का, कुस्करून वरण-भात जातो का, नुसती पेज जाते का, पाणी तरी जातं का. आणि कधीपासून, हे सणावरून विचार. 'किती महिने' याला उत्तर नेहमी 'दोन-तीन' असतं. 'दिवाळीच्या फराळाला चकली गेली होती का?' याला खरं उत्तर मिळतं.

मुलगा तुला बाजूला घेऊन म्हणेल, 'बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका, सही मी करतो.' त्याची काळजी खरी असते, त्याच्यावर चिडू नकोस. पण अभ्यासात बाबा जाणार आहेत. त्यांना कळलं नसेल तर त्यांना घेता येत नाही. त्यांना वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसव, मग अंगठा घे. तो साक्षीदार म्हणजे आपली सिस्टर नव्हे.

पाठपुराव्याच्या तारखा नुसत्या संगणकाच्या हिशोबाने टाकू नकोस. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या फडावर गेलेला माणूस परतीची एंडोस्कोपी करायला स्वारगेटला उतरणार नाही. आषाढात वारीला निघालेलाही नाही. आधीच्या-नंतरच्या आठवड्यांची मुभा प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेव. दोन फोन नंबर घे, त्यातला एक गावातल्या कुणाचा तरी.

ईएनटीच्या सरांशी मी बोलले आहे, ते तयार आहेत. त्यांच्या फॉलोअप ओपीडीत एक दिवस नुसती बसून ये, किती जण येतात ते मोज, आणि तो आकडा घेऊन संख्याशास्त्राच्या मॅडमकडे जा. सॅम्पल साइज त्यांनी काढल्यावर मसुदा मला दे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयची (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंद, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी. नंतर करू, ही भाषा माझ्यापाशी नको.

तुझी,
मॅडम