किडनी बायॉप्सीच्या भीतीने बहिणीची झोप उडाली आहे, तिला धीर कसा देऊ?

लघवीतून प्रथिनं जातात म्हणून तुमच्या बहिणीला पुढच्या आठवड्यात बायॉप्सी, म्हणजे सुईने किडनीचे बारीक तुकडे काढून तपासणं, सांगितली आहे आणि ती रात्ररात्र जागी असते, असं तुम्ही लिहिलंय. चार वर्षांपूर्वी माझी बायॉप्सी झाली, म्हणून लिहिते.

आधी तिला विचारा, नेमकी कशाची भीती वाटते. मला सुईपेक्षा त्या शब्दाचीच धास्ती होती. आमच्या घरात 'बायॉप्सी' म्हणजे कॅन्सर, एवढंच माहीत. आई देवापाशी बसून रडत होती आणि तिला सावरावं की स्वतःला, हे मला कळेना. किडनीची ही तपासणी बहुतेक वेळा कॅन्सरसाठी नसतेच. किडनीतल्या बारीक गाळण्या कशाने बिघडल्या, आयजीए नेफ्रोपथी (आयजीए नावाचं प्रथिन गाळण्यांत साचण्याचा आजार) आहे, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे की आणखी काही, हे कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही, म्हणून करतात. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर मला झोप लागली असती.

"काही होत नाही गं" असं सगळेच म्हणायचे. त्याने मी आणखी एकटी पडायचे. आधार दिला तो वॉर्डातल्या सिस्टरांनी. आदल्या संध्याकाळी खाटेशी बसून त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. पालथं झोपवतील, पोटाखाली उशी देतील, सोनोग्राफीवर जागा बघून भुलीचं इंजेक्शन देतील, ते चुरचुरेल. मग श्वास रोखायला लावतील आणि स्टेपलर मारल्यासारखा 'खट्' आवाज येईल, दचकू नकोस. दुसऱ्या दिवशी तो आवाज आला तेव्हा ओळखीचा वाटला.

भीती डॉक्टरांपासून लपवू देऊ नका. घाबरून बीपी चढलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, कधी तपासणी पुढेही ढकलतात. सांगितलं तर ते काहीतरी उपाय करतात.

नंतर काही तास उताणं पडून राहावं लागतं. मला सगळ्यात जड गेलं ते पडल्यापडल्या पॅनमध्ये लघवी करणं. लाजेने मी पाणीच पीत नव्हते. त्या वेळी तिच्यापाशी तुम्ही थांबा, पडदा ओढून घ्या, बाकीच्यांना बाहेर पाठवा. लघवी लालसर आली तर ती हादरेल. तसं कधीकधी होतं आणि बहुधा एक-दोन दिवसांत थांबतं, हे तिला आधीच सांगून ठेवा, पण सिस्टरांना दर वेळी दाखवा. रक्ताच्या गुठळ्या पडल्या, कंबरेत किंवा पोटात जोरात दुखलं, चक्कर आली तर लगेच बोलवा.

घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, सुटलो. माझे खरे वाईट दिवस तिथून सुरू झाले. तुकडे वेगवेगळ्या पद्धतींनी तपासतात, त्यामुळे पूर्ण रिपोर्टला बरेच दिवस लागतात. मी रात्री मोबाइलवर नको ते वाचत बसायचे आणि दिवसा "रिपोर्ट आला का?" असे फोन यायचे. शेवटी दादाने माझा फोन स्वतःकडे घेतला, रात्री माझ्याबरोबर गच्चीवर बसायला लागला. आजाराबद्दल तो अवाक्षर काढायचा नाही. तरीही तिची झोप परत येत नसेल तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि रिपोर्ट घ्यायला तिला एकटीला पाठवू नका. प्रश्न कागदावर लिहून न्या. मी एकटी गेले होते, डॉक्टरांचं पहिल्या वाक्यानंतरचं मला काहीच ऐकू आलं नाही.