‘घरच्यांना न विचारता डॉक्टरकडे गेले तर चालेल का?’

समुपदेशनाला येणाऱ्या बायका हा प्रश्न बहुतेकदा निघता निघता, दाराजवळ उभं राहून विचारतात. माझं उत्तर ठाम असतं: चालेल. स्वतःच्या तपासणीला कुणाची परवानगी लागत नाही. पण एवढं ऐकून बाई डॉक्टरकडे जातेच असं नाही, म्हणून मालवणकडच्या एका मावशींबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी पन्नाशी उलटलेल्या, मासे विकणाऱ्या. पाठदुखीपासून बोलायला लागल्या आणि बऱ्याच वेळाने मान खाली घालून म्हणाल्या, “अंग भायर येता.” टोपली उचलली, खोकला आला, शौचाला जोर दिला की गर्भाशय खाली सरकायचं. लागोपाठची बाळंतपणं, वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं. धाकट्याचं लग्न व्हायच्या आधीपासून त्या हे सोसत होत्या.

थांबण्याची कारणं त्यांच्याकडे तयार होती आणि एकही खोटं नव्हतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सवड मिळावी. पण नेमकी तेव्हाच भातलावणी. मग गणपती, मुंबईहून चाकरमानी यायचे. ते गेले की मासळीचा हंगाम. मोकळा महिना असा कधी येणारच नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

खरी भीती अजून आतच होती. डॉक्टर पिशवी काढायला सांगतील, नवऱ्याची सही मागतील. “घोवाक ह्या कसा सांगू?”

आधी सहीचं बोललो. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती लागते. नातेवाइकाची सही तिची जागा घेऊ शकत नाही. समीरा कोहली या रुग्ण बाईंना तपासणीसाठी भूल दिलेली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. जिवाला तातडीचा धोका नसताना अशी संमती चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं. मावशी हे ऐकून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे नको म्हटलंय तरी चलात?” चालेल, हेही तेवढंच महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे, अंग खाली आलं की पिशवी काढावीच लागते असं नाही. त्रास कमी असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे (लघवी रोखताना आवळतो ते) व्यायाम आणि बद्धकोष्ठावर उपचार यांनी फरक पडतो. आधाराला आत रिंगही बसवता येते. मात्र लघवी अडली, बाहेर आलेल्या भागाला जखम झाली किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नये.

नवऱ्याला काय सांगायचं ते आम्ही आधी बोलून पाहिलं. ‘जाऊ का?’ असं विचारायचं नाही, ‘बुधवारी दवाखान्यात जातंय’ असं सांगायचं. मावशींनी मात्र स्वतःचा क्रम ठरवला. शेजारणीला घेऊन आधी तपासून आल्या, रिंग बसवून घेतली आणि मग घरी सांगितलं. नवरा म्हणाला, “इतके दिस सांगलंस कित्याक नाय?” सगळ्याच घरांत असं घडत नाही; जिथे आरडाओरडा किंवा मारहाणीची भीती असते, तिथे आधी सोबतीला कोण, हे ठरवून मगच घरी बोलावं.

आता त्या दर काही महिन्यांनी रिंग तपासायला जातात. जड टोपली उचलायला सून मदत करते. ऑपरेशनचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि डॉक्टरांना त्यांनी तसं स्वतःच सांगितलं आहे.