चिवड्यात अळ्या निघाल्या, व्हिडिओ फिरतोय… नोटीस पाठवू का?

प्रश्न : नमस्कार. आमचा घरगुती चिवडा-चकलीचा छोटासा ब्रँड आहे, नाशिकमधल्या दुकानांत माल जातो. मागच्या आठवड्यात एका बाईंनी आमच्या पाकिटात अळ्या निघाल्याचा व्हिडिओ टाकला आणि तो आता सगळ्या सोसायट्यांच्या ग्रूपवर फिरतोय. आमच्याकडून माल चांगलाच गेला होता, दुकानदारानेच नीट ठेवला नसणार. भाऊ म्हणतो त्या बाईंना वकिलाची नोटीस पाठव. दिवाळी तोंडावर आलीये, काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी भावाला आवरा. नोटीस गेली की त्या बाई तिचाही फोटो टाकणार आणि ज्यांनी व्हिडिओ बघितला नव्हता तेही बघणार.

तुमच्यासारखंच कॅडबरीचं झालं होतं, तेही आपल्याच मुंबईत. ऑक्टोबर 2003, अशीच ऐन दिवाळीच्या आधी. डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या, राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, माल जप्त केला, आणि कंपनीचं पहिलं म्हणणं काय, तर दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही. आता यात तथ्य असेलही, पण अळी दिसलेल्या माणसाला दुकानदार कोण नि कंपनी कोण याच्याशी काय घेणंदेणं, त्याला रॅपरवरचं नाव दिसतं. एफडीएनेही उलट विचारलंच की मग तुमच्या पॅकिंगचं काय! त्या सणात विक्री चांगलीच आपटली.

पुढे त्यांनी जे केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. 'प्रोजेक्ट विश्वास' काढून दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवलं, आणि 2004 च्या सुरुवातीला पॅकिंगच बदललं, चॉकलेट सीलबंद वेष्टनात यायला लागलं. अमिताभ बच्चन जाहिरातीत आले ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण माझ्या मते खरं काम पॅकिंगने केलं, कारण गिऱ्हाईकाला हातात धरून दिसेल असा बदल तोच होता. नुसते बच्चन आणले असते तर लोक हसले असते.

मॅगीचंही बघा. 2015 मध्ये शिसं आणि एमएसजीवरून (चव वाढवणारी पावडर, अजिनोमोटो) बोंब झाली, कंपनी बरेच दिवस 'आमचा माल सुरक्षित आहे' एवढंच म्हणत राहिली, आणि जूनमध्ये बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली खरी, पण पुन्हा तपासण्या होऊन मॅगी दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. म्हणजे कोर्टात जिंकूनही पाच महिने कपाट रिकामंच. तुमची-आमची एवढी ताकद आहे का?

म्हणून आजच त्या बाईंना स्वतः फोन करा, भावाला करू देऊ नका. पाकीट मागून घ्या, त्यावरचा बॅच नंबर बघा, आणि त्या बॅचचा सगळा माल सगळ्या दुकानांतून उचला, फक्त त्या एका दुकानातून नाही. तुमच्याकडे प्रत्येक बॅचचं एखादं पाकीट राखून ठेवलेलं असेल तर ते फोडून बघा, त्यात अळ्या नसतील तर दुकानदारावरचा तुमचा संशय बहुधा खरा, असतील तर शेंगदाणे आणि डाळं कुठून आलं ते शोधा, कीड बहुतेक तिथूनच येते. मग त्याच ग्रूपवर चार ओळी टाका: कुठला बॅच, माल कुठून परत घेतला, पैसे कसे मिळतील, तुमचा नंबर. 'आमची बदनामी करण्याचा डाव आहे' वगैरे एक शब्द नको. दुकानदाराचं नावही नको, त्याच्याशी काय बोलायचं ते दुकानात जाऊन बोला.

आणि परत आलेला माल स्वस्तात कुठे खपवायचा मोह होईल, दिवाळीत खपतोही, पण तो सरळ नष्ट करा आणि करताना फोटो काढून ठेवा. एफडीएवाले आले तर तोच पुढे करता येईल.