यंत्रात ५० मतं जास्त निघाली, म्हणजे घोटाळाच का?

तुम्ही विचारलंत: तुमच्या विधानसभा मोजणीत एका केंद्राच्या १७-सीवर (केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब लिहिलेला फॉर्म) ६१२ मतं होती आणि कंट्रोल युनिटवर (मतं साठवणारा यंत्राचा भाग) ६६२ निघाली. फरक नेमका ५०चा आहे, त्यामुळे माझा पहिला संशय मॉक पोलवर, म्हणजे चाचणी मतदानावर. मतदानाआधी उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर अशी बटणं दाबायची असतात. सकाळच्या धांदलीत क्लिअर राहून गेलं की ती मतं आतच राहतात.

पण हे गृहीत धरू नका, ताडून बघा. केंद्राध्यक्षाचं मॉक पोल प्रमाणपत्र मागा. कोणाला किती मतं टाकली ते त्यात असतं, खाली हजर एजंटांच्या सह्या असतात. केंद्राच्या निकालातून उमेदवारवार ते आकडे वजा करा. बेरीज १७-सीशी जुळली तर चूक म्हणायला हरकत नाही. कागद दाखवायलाच टाळाटाळ झाली, तर मात्र मागे हटू नका.

मी नेहमी आधी बघतो की फरक कोणाकडे झुकतोय. दमलेल्या माणसाच्या चुका कधी याच्या, कधी त्याच्या पारड्यात पडतात. चंडीगडच्या महापौर निवडणुकीत, ३० जानेवारी २०२४ला, ३६ पैकी ८ मतं बाद झाली आणि आठही एकाच उमेदवाराची! २० विरुद्ध १६ असं होणारं गणित १२ विरुद्ध १६ झालं. पीठासीन अधिकारी स्वतः मतपत्रिकांवर खुणा करताना कॅमेऱ्यात दिसला. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. याला चूक म्हणताच येत नाही.

आणि चूक प्रामाणिक असली तरी ती दुरुस्त व्हायलाच हवी. हरियाणातल्या बुआना लाखूची सरपंचपदाची निवडणूक २०२२ची; २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात यंत्रं मागवून फेरमोजणी झाली, १०५१ विरुद्ध १००० मतं निघाली आणि निकाल उलटला.

तुमच्या बाबतीत, विजयाचं अंतर आकडा न जुळणाऱ्या यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर ती यंत्रं बाजूला ठेवतात. नसेल तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर छापून पडणाऱ्या कागदी चिठ्ठ्या मोजतात. तुमच्याकडे काय केलं, ते लेखी विचारा. फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधीच, कारणांसह द्यावा लागतो. ती वेळ गेली असेल तर उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका. एजंटला मिळालेली १७-सीची प्रत आजच शोधून जपून ठेवा.