हेगला पीएचडीसाठी निघण्याआधी

सोलापुरात एलएलएम झालंय, कर्ज काढून हेगला पीएचडीला यावं का, आणि ‘आंतरराष्ट्रीय न्यायालयांची भूमिका व आव्हानं’ हा विषय चालेल का, असं तू विचारलंस. मीही सोलापूरचीच, बाळीवेशीतली, म्हणून मोकळेपणानं सांगते.

कर्ज काढू नकोस. इथं नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरी असते. विद्यापीठ जाहिरात काढतं, साधारण चार वर्षांचा करार होतो, दरमहा पगार मिळतो. हेगजवळच्या लायडन विद्यापीठासारख्या ठिकाणच्या जागांवर लक्ष ठेव. वर्ष-दीड वर्ष गेलं तरी जाऊ दे.

विषय मात्र फार पसरट आहे. त्यापेक्षा कुलभूषण जाधवांचा खटला घे. पाकिस्ताननं हेरगिरीच्या आरोपावरून त्यांना फाशी सुनावली, म्हणून भारत इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ चा निकाल. भारतीय वकिलातीला जाधवांना भेटू न देऊन पाकिस्ताननं वकिलातींच्या संबंधांवरच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं, हे १५ विरुद्ध १ मतांनी ठरलं. आपण जिंकलो, एवढंच घरोघरी लक्षात राहिलं. पण शिक्षा रद्द करून त्यांना सोडा, ही भारताची मागणी न्यायालयानं मानली नाही. ‘परिणामकारक फेरविचार’ करा, असं सांगितलं. अमेरिकेत देहदंड झालेल्या आपल्या नागरिकांसाठी जर्मनीनं आणि मेक्सिकोनं लढवलेल्या खटल्यांत, २००१ आणि २००४ मध्ये, अमेरिकेलाही हेच सांगितलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये मेडेलिन या मेक्सिकन कैद्याच्या खटल्यात म्हटलं, मेक्सिकोच्या बाजूचा तो निकाल आमच्या न्यायालयांना आपोआप लागू होत नाही. त्याच वर्षी टेक्सासनं मेडेलिनचा देहदंड अमलात आणला. पाकिस्ताननं २०२१ मध्ये फेरविचारासाठी कायदा केला. मग फेरविचार परिणामकारक झाला की नाही, हे ठरवायचं कुणी? हा प्रश्न चार वर्षं पुरेल.

दोन्ही देशांची लेखी निवेदनं, तोंडी युक्तिवाद, न्यायाधीशांची वेगळी मतं, सगळं न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. वेगळी मतं आधी वाच. मतभेद नेमका कुठं होता ते तिथंच कळतं. आणि फ्रेंच आजच सुरू कर. न्यायालयाच्या दोन अधिकृत भाषांपैकी ती एक. मी टाळलं, पहिलं वर्ष त्यातच गेलं.

खोली घेताना त्या पत्त्यावर पालिकेत नोंदणी करता येईल, हे घरमालकाकडून लेखी घे. त्याशिवाय नागरिक क्रमांक मिळत नाही. माझा पहिला पगार त्यामुळेच अडकला होता.

प्रस्तावाचं पहिलं पान मला पाठव. मराठीत, तुझ्या आईला वाचून समजेल असं.